बरणीतले बावखल

धर्मगुरूंच्या निवासात बरणी दिसली की लोकांना लोणचे आठवते. आमच्या खिडकीतल्या बरणीत चिखल आहे. पाहुणे तिच्याकडे पाहतात, मग आमच्याकडे पाहतात, आणि सभ्यपणाने विषय बदलतात.

वसईत एके काळी वाडीवाडीत बावखले होती. त्यांच्या पाण्यावर केळी आणि पानवेली जगल्या. त्यांतली पुष्कळशी भरावाखाली गेली. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाचे बावखल उरले आहे. पण अलीकडे ते मे महिन्यात कोरडे पडते. "फादर, मेलेलं बावखल ठेवून काय करायचं? भरून टाकतो," घरचे वडील म्हणाले. त्यांचे म्हणणे अगदीच गैर नव्हते. मुलगा लग्नाचा, घर अपुरे. आम्ही वाद घातला नाही. तळाची दोन भेगाळलेली ढेकळे तेवढी मागून आणली.

कृती सोपी आहे. तळाशी दोन बोटे माती, वर विहिरीचे पाणी. मात्र उकळून गार केलेले, आणि हवा मिसळावी म्हणून दोन भांड्यांत उलटसुलट ओतलेले. तोंडाला मलमलीचा फडका बांधावा, नाहीतर डास संसार थाटतात. उजेड हवा, कडक ऊन नको. मासा तर मुळीच नको; पाहण्याजोगे सारे तो आधीच गिळून टाकील. शेजारी दुसरी बरणी ठेवली, त्याच पाण्याची, परंतु मातीवाचून.

दुसऱ्या दिवशी एक थेंब भिंगाखाली घेतला. मनु प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली जगापुढे मांडलेला घडीच्या कागदाचा सूक्ष्मदर्शक आमच्यापाशी आहे. गरिबाघरच्या मुलालाही परवडावा अशीच त्याची योजना. थेंबात रोटिफर होते. या इवल्या जिवाच्या तोंडाशी दोन चाके गरगरताना दिसतात, थेट वाडीतल्या रहाटासारखी. वास्तविक चाक फिरतच नाही. कडेचे केस एकामागून एक हलतात आणि आपली नजर फसते. पाणी मात्र खरोखरच ओढले जाते, आणि त्याबरोबर अन्नही.

डेल्फ्टचा कापडव्यापारी लेव्हेनहूक याने १७०२ साली पन्हाळीतल्या वाळलेल्या गाळावर पाणी घालून हेच पाहिले होते. पुढे अठराव्या शतकातच स्पालान्झानी या इटालियन धर्मगुरूने असे प्राणी पुनःपुन्हा सुकवले आणि पुनःपुन्हा भिजवले. त्याला तर हे जणू मरून उठणेच वाटले. आम्ही त्या शब्दाच्या बाबतीत जरा काटेकोर आहोत. मेलेला जीव वेगळा आणि थांबलेला जीव वेगळा. सायबेरियाच्या गोठलेल्या भूमीतले सुमारे चोवीस हजार वर्षांपूर्वीचे रोटिफर पुन्हा हालचाल करू लागल्याचे शास्त्रज्ञांनी २०२१ साली प्रसिद्ध केले. तेही मेलेले नव्हते, थांबलेले होते.

दहा-बारा दिवसांनी भिंगाची गरज उरली नाही. पाण्यात पांढुरके ठिपके उड्या मारू लागले. ही पाणपिसवे. अंग इतके पारदर्शक की पाठीमागे धडधडणारे हृदय दिसते. सुबत्तेच्या दिवसांत मादी नरावाचूनच प्रजा वाढवते. कठीण दिवसांची चाहूल लागली की नर जन्मतात, आणि मादी खोगिरासारख्या टणक कवचात एक-दोन अंडी ठेवून ते गाळावर सोडते. पाणी आटते, ऊन तापते, वर्षे जातात. अंडी वाट पाहत राहतात.

आम्ही वडिलांना बोलावून घेतले. आधी त्यांनी चष्मा काढून पाहिले, मग चष्मा घालून. माणूस शेतकरी, सहजासहजी मानणारा नव्हे.

"हे तुमच्या विहिरीतनं आलं असंल, फादर."

आम्ही दुसरी बरणी पुढे केली. तिच्यातले पाणी निवळशंख, रिकामे. ते बराच वेळ या बरणीतून त्या बरणीत पाहत राहिले. "भराववाला सोमवारी येणार हाय," एवढेच म्हणाले आणि चिखलाची बरणी घरी नेण्याची परवानगी मागितली. आमच्याकडे आणखी एक ढेकूळ होते, तेव्हा आम्ही आनंदाने दिली.

सोमवारी ट्रक आला नाही. पावसाळ्यानंतर पाहू, असा निरोप त्यांनी धाडल्याचे कळले. मुलाच्या खोलीचा प्रश्न तसाच आहे. विहिरीच्या बाजूची चार झाडे काढून जागा होईल का, हे पाहायला ते गवंड्याला घेऊन या आठवड्यात वाडीत गेले होते.