गुलशब्बोचे कंद

आमच्या घरी एकाच फुलाला तीन नावं आहेत. अम्मी त्याला गुलशब्बो म्हणतात, समोरच्या काकू निशिगंध म्हणतात आणि सांगलीच्या फुलबाजारात तेच गुलछडी म्हणून विकलं जातं. फूल मूळचं मेक्सिकोचं. अंगणातल्या बाकीच्या कंदांचं तरी काय? मे महिन्यात फुलणारी लालभडक फुटबॉल लिली आफ्रिकेची, पहिल्या पावसाबरोबर उमलणारी गुलाबी लिली अमेरिकेकडची. पण त्यांना कुणी कधी विचारलं नाही, की तुम्ही मूळचे कुठले? माती मिळाली, रुजले, झालं.

आम्ही दोघं नवरा-बायको उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. उर्दू कवितेत नर्गिस, लाला, सोसन यांची रेलचेल. आमच्या वर्गातल्या मुलांनी यातलं एकही फूल पाहिलेलं नाही. मुलं विचारतात, "नर्गिस दिखती कैसी है?" आता काय सांगायचं? नर्गिसला थंडी लागते. आमच्या सांगलीच्या उन्हात ती कुठून येणार? अशा वेळी बी.एड.ला पाठ केलेलं सूत्र आठवतं, ज्ञाताकडून अज्ञाताकडे. आम्ही घरून एक कांदा नेतो आणि वर्गात उभा चिरून दाखवतो. पाकळ्यांच्या आत साठवलेलं अन्न आणि मधोमध दडलेला कोंब. "नर्गिसचा कंदही असाच असतो," असं सांगितलं, की मुलांचे डोळे मोठे होतात. मग त्यांच्या हातात गुलशब्बोची एक छडी देतो. वास घेतल्यावर कविता आपोआप पुढे सरकते.

ही छडी अम्मींच्या अंगणातली. आमचं घर कृष्णेच्या बाजूच्या सखल भागात आहे. अंगण ते केवढं? दहा फूट रुंद, पंधरा फूट लांब. पण अम्मींनी त्यात निम्मं आयुष्य घातलं. त्यांची अवजारं मोजकीच. लोहाराकडून करून घेतलेलं एक खुरपं, छडीला आधार द्यायला बांबूच्या काड्या, कंद ठेवायला कांद्याची जाळीची पिशवी आणि पाणी घालायला वुजूचा जुना तोटीचा लोटा. आम्ही एकदा हौसेनं प्लॅस्टिकची झारी आणली. अम्मींनी ती दोन दिवस वापरली आणि उलटी टांगून ठेवली. लोट्याची धार बारीक, नेमकी मुळाशी पडते; झारीनं सगळं अंगणच भिजतं, असं त्यांचं म्हणणं. कोणत्या वाफ्यात काय लावलंय हे कळावं म्हणून आमच्या वर्गातल्या मुलांनी आइस्क्रीमच्या काड्यांवर नावं लिहून दिली होती. उर्दू नाव उजवीकडून, मराठी नाव डावीकडून. दोन्ही नावं काडीच्या मधोमध एकमेकांना भिडायची.

अम्मींची पद्धत सांगण्यासारखी आहे. फेब्रुवारीच्या सुमारास पानं पिवळी पडू लागली, की पाणी तोडायचं. पिवळी पानं दिसायला वाईट दिसतात, म्हणून आम्ही ती कापायला जायचो. अम्मी हात धरायच्या. पानं सुकेपर्यंत कंदाला अन्न पुरवतात. ती आधीच कापली, तर कंद उपाशी राहतो. पानं वाळली, की खुरप्यानं लांबून खणून गड्डा उचलायचा, माती झाडायची आणि सावलीत वाळवायचा. प्रत्येक कंद अंगठ्यानं दाबून बघायचा. कांद्यासारखा टणक असला तर ठेवायचा, बोट रुतलं तर फेकायचा. एप्रिलमध्ये लागवड. माती, शेणखत आणि वाळू सारख्या भागानं, कोंब वर करून, दोन बोटं खोल. कोंब दिसेपर्यंत पाणी बेतानंच. दहा-बारा इंची कुंडीत तीन कंद पुरे, पण कुंडीच्या बुडाला भोकं हवीतच आणि दिवसाचं पाच-सहा तास ऊन हवं. मग श्रावणाच्या आगेमागे छड्या निघतात आणि संध्याकाळनंतर गल्लीच्या तोंडापर्यंत वास जातो.

एक गोष्ट आम्हांला फार उशिरा समजली. गुलशब्बोचा एक कंद एकदाच फुलतो. फुलला, की त्याचं काम संपलं. त्याच्या भोवती जी पिल्लं धरतात, ती पोसली की पुढे फुलतात. त्यामुळे दरवर्षी गड्डा उचलला, की लावले त्यापेक्षा कितीतरी जास्त कंद निघतात. हे जास्तीचे कंद अम्मी वाटून टाकायच्या. ज्याला हवे त्याला, आणि त्यातही चांगले जाडजूड बघून. बारके स्वतःला ठेवायच्या.

आम्हांला हे पटत नसे. २०१९ च्या मार्चमध्ये आम्ही कंद मोजले. एकशे वीस भरले. अंगणाच्या दोन्ही कडांना सरळ रांगा करायच्या, गच्चीवरही कुंड्या मांडायच्या, असा आमचा बेत ठरला. त्याच आठवड्यात समोरच्या काकू आल्या. त्यांचं माहेर जतकडचं. जत म्हणजे आमच्याच जिल्ह्यातला दुष्काळी तालुका. भाचीसाठी त्यांना चार कंद हवे होते. अम्मी आत नमाज पढत होत्या. आम्ही दारातच उत्तर दिलं, "काकू, यंदा शिल्लकच नाहीत हो." कंदांचं पोतं दारामागं होतं. काकू "असू दे, असू दे" म्हणत गेल्या.

अम्मींनी आतून ऐकलं होतं. त्या रागावल्या नाहीत. रात्री जेवताना फक्त एवढंच म्हणाल्या, "कांदे गिन के नै रखते बेटा. अपने घर में जितने रहते, उतनेच अपने नै रहते." आम्हांला वाटलं, म्हातारपणाचं बोलणं.

ऑगस्ट उजाडला. रांगा सरळ आल्या होत्या, पहिल्या छड्या वर आल्या होत्या. आणि कृष्णा चढू लागली. सांगलीकर नदीचं पाणी आयर्विन पुलावरच्या फुटांत मोजतात. त्या वर्षी आकडा सत्तावन्न फुटांच्या वर गेला. आमच्या अंगणात पाणी शिरलं तेव्हा रात्र होती. कुराण शरीफ, शाळेची कागदपत्रं, अम्मींची औषधं एवढंच घेऊन आम्ही निघालो आणि मिरजेला एका सहकाऱ्याच्या घरी राहिलो. १२ तारखेची बकरी ईद तिथंच झाली. अम्मींनी घराविषयी काही विचारलं नाही. एकदाच म्हणाल्या, "मेरा लोटा अंगन में रह गया."

पाणी उतरल्यावर परतलो. भिंतींवर छातीइतक्या उंचीवर चिखलाची रेघ होती. अंगणात गाळ. लोटा कुंपणाच्या तारेत अडकलेला सापडला. खुरप्यानं गाळ बाजूला केला आणि कंद दाबून पाहिले. अंगठा आत गेला. दुसरा, तिसरा, दहावा, सगळे तसेच. कंद मातीत असला तरी त्याला हवा लागते. इतके दिवस पाण्याखाली तो गुदमरतो आणि सडतो. गच्चीवर कुंड्या मांडायचा बेत आमच्या आळसानं राहूनच गेला होता. एकशे वीसमधला एकही कंद वाचला नाही. वर्षभर जपून ठेवलेल्या त्या हिशेबाचा वास आम्ही पाटीनं भरून बाहेर टाकला. एक नावाची काडी तेवढी सापडली. तिच्यावरची दोन्ही नावं पुसली गेली होती.

२०२० च्या फेब्रुवारीत काकू माहेरी जाऊन आल्या. हातात कांद्याची जाळीची पिशवी. "भाभी, हे तुमचेच. मागं एकदा मूठभर दिले होते ना, ते भावानं विहिरीच्या कडेला लावले. बघा किती झालेत." अम्मींनी पिशवी चटईवर ओतली. साठ कंद होते. त्यांनी एकेक दाबून पाहिला आणि दोन ढीग केले. जाड कंदांचा ढीग काकूंकडे सरकवला.

"अहो, मी तुमच्यासाठी आणलेत," काकू म्हणाल्या.

"पूर तो तुम्हारे अंगन में बी आया था, वैनी."

आम्ही बाजूला उभे होतो. काय बोलावं सुचेना. शेवटी आम्ही काकूंना सांगून टाकलं, की गेल्या मार्चमध्ये कंद शिल्लक होते.

काकू हसल्या. "माहितेय रे. पोतं दारामागं दिसत होतं की मला."

एवढंच. पुढे महिन्याभरात लॉकडाऊन लागला. त्या बंद दिवसांत आम्ही अम्मींच्या देखरेखीखाली कंद लावले, दोन बोटं खोल, कोंब वर करून. ऑगस्टमध्ये छड्या निघाल्या. पहिली छडी काकूंच्या देवघरात गेली.

२०२१ च्या जुलैत पाणी परत आलं. तोपर्यंत आमच्या कुंड्या गच्चीवर गेल्या होत्या, त्या वाचल्या. पण आता आमची खरी भिस्त गच्चीवर नाही. आमचे कंद आज चौदा घरांत आहेत. मिरजेत, तासगावात, जतला, शाळेच्या आवारात. मास्तरांची खोड म्हणून आम्ही त्याची एक वही ठेवली आहे, हजेरीपटासारखी. घर कोणतं, कंद किती दिले, कोणत्या साली. 'शिल्लक' असा रकाना मात्र त्यात आखलेला नाही.

अम्मींना आता खाली बसवत नाही. त्या खुर्चीवर बसून लोटा आमच्या हातात देतात आणि धार कुठं पडते ते बघतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्यापैकी कुणी सांगलीला आलंच, तर आमच्याकडे जरूर या. येताना एक जाळीची पिशवी तेवढी घेऊन या. जाड कंद अम्मी स्वतः निवडून देतील.