सोडलेले आणि सापडलेले

बेंगळुरूच्या तळ्यांत मासेमारीचा ठेका निघतो, हे इथे राहायला येईपर्यंत मला ठाऊक नव्हतं. सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या लेखी तळं म्हणजे पक्षी, बाकं आणि कडेची पायवाट. ठेकेदाराच्या लेखी ते शेत. तो मत्स्यबीज सोडतो, राखण करतो आणि पीक तयार झालं की टोपलीसारख्या गोल तेप्प्यातून तंगूसाची जाळी लावतो. संध्याकाळी लावायची, पहाटे उचलायची. आपण बूट घालून पोहोचेपर्यंत रात्रीचा हिशेब उरकलेला असतो.

तंगूस पाण्यात दिसत नाही, हीच त्याची करामत. कटल्याला दिसत नाही, तसाच पाणकावळ्यालाही नाही. माशामागे बुडी मारणारे पाणकावळे, तिरंदाज, टिबुकल्या त्यात अडकतात. कासवंही अडकतात. हे सगळे पाण्यात पोट भरणारे आणि श्वास मात्र वरून आणणारे जीव. जाळं त्यांना काहीच करत नाही, नुसतं धरून ठेवतं, तेवढं पुरतं.

एका सकाळी तेप्पेवाल्याला काठावर बसून जाळं कापताना पाहिलं. आत पाणकासव होतं, मऊ पाठीचं, जिवंत. वन्यजीव कायद्याच्या पहिल्याच अनुसूचीतला प्राणी, पण कायद्याची आठवण करून द्यायची माझी हिंमत झाली नाही, कारण तो कापत होता ते त्याचं स्वतःचं जाळं होतं. कासव पाण्यात गेल्यावर माझ्या मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये मी विचारलं, की आणखी काय काय येतं? कासवाबद्दल त्याची फारशी तक्रार नव्हती. तक्रार होती ती ‘सकर’बद्दल. अ‍ॅक्वेरियमची काच चाटून साफ करणारा तो काळपट, खरबरीत मासा. काट्यांनी जाळं फाडतो आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. मी फोनवर अशाच टाकीतल्या आणखी एका माशाचा, अ‍ॅलिगेटर गारचा, फोटो दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “हा आला तर जाळं सोडून घरी जाईन, सार.”

त्याची भीती अगदीच अस्थानी नाही. मगरीसारखा जबडा आणि चिलखतासारखे खवले असलेला हा मासा मूळचा मिसिसिपीच्या खोऱ्यातला. तिथल्या चोटार्ड तळ्यात १४ फेब्रुवारी २०११ ला सापडलेला गार १४८ किलोंचा होता, साडेआठ फुटांच्या जवळपास लांब. विशेष म्हणजे तोही दुसऱ्याच माशांसाठी लावलेल्या जाळ्यात आला होता. भारतात हा मासा बोटाएवढा असताना काचेच्या टाकीसाठी विकला जातो. मे २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात पाणवनस्पती काढताना एक गार सापडला. केरळात २०१८ च्या महापुरानंतर मासे पाळायच्या तळ्यांतून निसटलेले आरापैमा मासे आणि गार नदीत मिळाले. पुराला दोष देता येतो. दल सरोवरात मात्र पूर नव्हता.

गारबद्दल मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट त्याचा जबडा नाही, त्याचा श्वास आहे. कल्ल्यांवर भागलं नाही की तो तोंड वर काढून हवा गिळतो आणि हवेच्या पिशवीतून प्राणवायू घेतो. मार्च २०१६ मध्ये हलसूर तळ्यात मेलेल्या माशांचा थर तरंगत होता. तसल्या घुसमटलेल्या पाण्यात गारचं बरंचसं निभावून जाईल. आपण तळ्यांत सांडपाणी सोडून जे पाणी तयार केलं आहे, ते जणू याच पाहुण्यासाठी.

पाहुणा तरी कसा म्हणू? चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ डोंगरगाव आहे. तिथल्या लमेटा थरांतल्या माशांच्या अवशेषांचं वर्णन आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी १९०८ साली केलं, आणि त्यांत गारच्या कुळातला एक मासा होता. विदर्भात डायनोसॉर हिंडत होते, आपला भूखंड अजून आशियाला येऊन टेकला नव्हता, त्या काळातला. आणि ज्याला आपण इथला म्हणतो तो कोण? रोहू, कटला गंगेकडचे, गवत्या आणि चंदेरा हे कार्प चीनकडचे, १९५९ मध्ये आणलेले, चिलापी आफ्रिकेतली. मुळात बेंगळुरूची बहुतेक तळीच बांध घालून माणसांनी केलेली. अमेरिकेत उलटा प्रकार. टेक्सासमध्ये १९३० च्या दशकात गार मारायला विजेचा झटका देणारी बोट फिरवली जायची. त्याच राज्याने २००९ पासून माणशी दिवसाला एकच गार पकडण्याची मर्यादा घातली. इलिनॉय राज्यात तर तो पुन्हा सोडताहेत आणि त्याने तिथे माजलेले आशियाई कार्प खावेत, अशी आशा धरून आहेत. आपले पाळीव मासे त्यांचे उपद्रवी, त्यांचा राखलेला मासा आपला उपद्रवी.

म्हणून ‘परदेशी’ या शब्दावर मी फार जोर देणार नाही. माझा राग बादलीवर आहे. टाकी लहान पडली की मासा बादलीत घालून तळ्याकडे नेणारा माणूस दुष्ट नसतो. त्याला मारवत नाही, म्हणून तो सोडतो, आणि पुण्य केल्याच्या समाधानात घरी जातो. पुढचं सगळं ज्याच्या गळ्यात पडतं, तो तेप्प्यात बसलेला असतो. एक जण सोडून मोकळा होतो, दुसरा सोडवत बसतो, आणि क्रूर ठरतो तो दुसराच.

त्याच्या नुकसानीचा विचार निदान समुद्रावर तरी झाला आहे. महाराष्ट्रात २०१८ पासून मच्छीमाराने जाळं कापून समुद्री कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क अशा संरक्षित प्राण्याला सोडलं, की २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. मला ही योजना आवडते, कारण ती कोळ्याला भूतदयेवर व्याख्यान देत नाही, जाळ्याचे पैसे देते. पण ती समुद्रापुरती. तळ्यावर कापलेल्या जाळ्याचे पैसे कापणाऱ्याच्याच खिशातून जातात.

बादलीवाल्यासाठीही काही हवं. २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात परक्या आक्रमक जातींवर नियंत्रणाची तरतूद आली खरी, पण वाढलेला मासा घेऊन माणसाने जायचं कुठे? एका अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात मी मुद्दाम चौकशी केली, मोठा झालेला मासा परत घेता का? मालक टाकीतलं पाणी बदलत होता. “लहान असेल तर घेतो,” तो म्हणाला. “मोठा कोण घेणार, सार? तळं आहे की जवळ.”