काकांची ठेव

रिझर्व्ह बँकेचं ‘उद्गम’ पोर्टल 2023 च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं, तेव्हा माझ्या चुलतभावाने त्यात धाकट्या काकांचं नाव टाकून पाहिलं. लग्न न केलेले हे काका 2010 साली गेले. एका बँकेत त्यांची मुदतठेव निघाली. मुदत संपल्यावर दहा वर्षं कोणी फिरकलं नाही, म्हणून बँकेने ती रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत भरली होती. पैसे सरकारजमा झाले, असंच घरात सगळ्यांनी धरलं. तसं नसतं. हक्कदार आला की बँक आधी त्याला पैसे देते आणि मग निधीतून भरून घेते.

पण हक्कदार कोण? ठेवीवर नॉमिनी म्हणून चुलतभावाचं नाव. त्याचे वडील काकांच्या आधीच वारलेले. शेवटी काका छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोत त्याच्याकडेच अंथरुणाला खिळून होते. त्यांचं हागणं-मुतणं त्याने आणि वहिनीने काढलं. आणि हिंदू उत्तराधिकार कायद्याने त्याचा वाटा शून्य! आई-वडील, बायको-मुलं मागे नसली की हयात भावाबहिणींना सारखं मिळतं. मयत भावाच्या मुलाचा नंबर त्यांच्या मागे. म्हणजे वारस माझे वडील आणि दोघी आत्या. वैजापूरच्या आत्याने बँकेत लेखी हरकत दिली. बँक म्हणाली, कोर्टातून उत्तराधिकार प्रमाणपत्र आणा.

अदालत रोडवरच्या न्यायालयात अर्ज झाला. पेपरात जाहीर नोटीस आली: मयताचं नाव, ठेवीची रक्कम, ‘कोणाची हरकत असल्यास मुदतीत हजर राहावे’. चुलतभावाला ती शेजाऱ्याने दाखवली. घरातल्या कोणी त्याला आधी सांगायला हवं होतं.

नॉमिनी फक्त पैसे स्वीकारतो, मालक होत नाही. बँकेच्या ठेवींबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे 2010 मध्येच सांगितलंय. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकरांच्या कुटुंबातल्या खटल्यात, डिसेंबर 2023 मध्ये, शेअर आणि म्युच्युअल फंडांनाही तोच न्याय लागला. प्रमाणपत्र देताना न्यायाधीश मालकीचा शेवटचा निवाडाही करत नाहीत. प्रथमदर्शनी कोणाचा हक्क बळकट, एवढं पाहतात. त्यावर पैसे दिले की बँक मोकळी. मालकीचा दावा पुढे वेगळा लावता येतो. मला ही रीत शहाणपणाची वाटते, कारण नाहीतर पैसा पिढ्यान्‌पिढ्या अडकतो. आपल्या शहरावर राज्य केलेल्या शेवटच्या निजामाचे दहा लाख पौंड 1948 मध्ये लंडनच्या बँकेत गेले. भारत, पाकिस्तान आणि निजामाचे वारस, सगळ्यांचा दावा. निकाल 2019 साली लागला, भारत आणि निजामाच्या नातवांच्या बाजूने. तोवर रकमेचे साडेतीन कोटी पौंड झाले होते.

सेवा कोणी केली, हे मात्र कायद्याच्या तक्त्यात कुठेच नाही, आणि हे मला अजून पटत नाही. काकांनी साध्या कागदावर दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र लिहिलं असतं तरी पुरे होतं; नोंदणीही सक्तीची नाही. नॉमिनी लावला म्हणजे झालं, अशी त्यांची समजूत.

चुलतभाऊ हरकत घ्यायला कोर्टात गेलाच नाही. प्रमाणपत्र तिघांच्या नावे निघालं. वडिलांनी आपला हिस्सा त्याला दिला. कायद्याच्या लेखी ते वडिलांनी दिलेलं बक्षीस, काकांकडून आलेलं काही नव्हे, आणि नेमकं तेच त्याला लागलंय. आत्यांकडे तो अजून जात नाही.