हक्कसोड

वतनासाठी भाऊबंदकीत पिढ्या खर्ची पडल्याच्या कथा ऐकत वाढलेल्या माझ्यासारख्याला टोनी बेन या ब्रिटिश राजकारणी पुरुषाचे चरित्र विलक्षण वाटते. वारसा मिळावा म्हणून नव्हे, तर तो नाकारता यावा म्हणून हा मनुष्य वर्षानुवर्षे झगडला.

त्यांचे वडील विल्यम वेजवुड बेन १९२९ ते १९३१ या काळात, म्हणजे मिठाच्या सत्याग्रहाच्या धामधुमीत, भारतमंत्री होते. १९४२ मध्ये त्यांना व्हायकाउंट स्टॅन्सगेट ही वंशपरंपरागत सरदारकी मिळाली. थोरला मुलगा मायकेल धर्मोपदेशक होऊ इच्छीत होता. त्याची हरकत नव्हती. पण १९४४ मध्ये वायुदलाच्या सेवेत असताना तो मृत्युमुखी पडला आणि वारसा धाकट्या टोनीकडे आला. भावाच्या मरणातून आलेला किताब अंगाला बोचत राहिला असेल, तर मला नवल वाटत नाही.

१९५० पासून टोनी ब्रिस्टलमधून लोकसभागृहात निवडून येत होते. सरदाराला मात्र तेथे बसता येत नसे. म्हणून वडील हयात असतानाच, १९५५ मध्ये, त्यांनी हक्क सोडण्याची अनुमती मागितली. ती नाकारली गेली. नोव्हेंबर १९६० मध्ये वडील वारले, आणि त्या क्षणी पुत्राची खासदारकीही संपली. शोक करायचा की वकील गाठायचा, अशी ती अवस्था! मे १९६१ च्या पोटनिवडणुकीत मतदारांनी त्यांना १३ हजारांहून अधिक मताधिक्याने पुन्हा निवडले. द्वारपालाने त्यांना सभागृहाच्या दारातच अडवले. निवडणूक न्यायालयाने जागा दिली ती पराभूत उमेदवाराला. हे गृहस्थ स्वतःही एका सरदारकीचे संभाव्य वारस होते, हा आणखी एक विनोद.

अखेर ३१ जुलै १९६३ रोजी कायदा झाला. त्याच संध्याकाळी बेन यांनी किताब सोडला, प्रतिस्पर्ध्यानेही दिलेला शब्द पाळून राजीनामा दिला, आणि ऑगस्टमध्ये बेन सभागृहात परतले. समाजवाद्याने झिजून उघडलेल्या या दारातून ऑक्टोबरमध्ये हुजूर पक्षाचे चौदावे अर्ल ऑफ होम बाहेर पडले आणि सरदारकी सोडून पंतप्रधानपदी टिकले. इतिहासाला अशी थट्टा सुचते खरी.

हा त्याग केवळ हयातीपुरता होता. कायद्याने किताब मरत नव्हता, नुसता निजत होता. बेन २००१ पर्यंत खासदारकीत रमले आणि १४ मार्च २०१४ रोजी निवर्तले. किताब थोरले चिरंजीव स्टीफन यांच्याकडे गेला. २०२१ मध्ये, वंशपरंपरागत सरदारांसाठी राखलेल्या जागेवर, ते उमराव सभागृहात जाऊन बसले.