तबकडीवर न छापलेली नावे

गाणे विसरले जाते म्हणजे नेमके काय होते? गेली दोन-तीन वर्षे आम्ही काही समवयस्क मंडळी या प्रश्नाच्या मागे लागलो आहोत. अनुभव असा, की चाल सहजासहजी मरत नाही. ती कुणाच्या तरी ओठांवर, कुणाच्या तरी शिट्टीत तग धरून राहते. शब्द अर्धेमुर्धे उरतात. चित्रपटाचे नाव धूसर होते. पण सर्वांत आधी पुसले जाते ते माणसाचे नाव. आणि ज्याचे नाव मुळात कोठे लिहिलेच गेले नव्हते, त्याला विसरण्याचीसुद्धा संधी कोणाला मिळत नाही.

आमचे तीर्थपुरी हे जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्याचे गाव. समर्थ रामदासांचे जन्मस्थान असलेले जांब याच तालुक्यात, आणि तालुक्याच्या दक्षिण अंगाने गोदावरी वाहते. उसाच्या आणि कापसाच्या या मुलखात आमच्या पिढीपर्यंत हिंदी सिनेमा आला तो डोळ्यांच्या आधी कानांनी. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. तेव्हा अवघा देश रेडिओ सिलोनकडे वळला. पुढे ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली आणि गाणी स्वदेशी परतली. आम्हांला कळू लागले तेव्हा पारावरच्या एका रेडिओभोवती माणसे जमत. निवेदक प्रत्येक गाण्याआधी चित्रपट, गायक, गीतकार आणि संगीतकार अशी नावे आदराने घेई. ती नावे आम्हांला पाढ्यांसारखी पाठ झाली होती.

आता निवृत्तीनंतर रविवारी सायंकाळी आम्ही पाच-सहा जण एकत्र बसतो. रेडिओची जागा मोबाइल आणि मुठीएवढ्या स्पीकरने घेतली आहे. १९४५ ते १९६० या काळातील एकेक गाणे ऐकायचे आणि वहीत त्याची नोंद करायची, एवढाच आमचा कार्यक्रम. कानपूरच्या हरमंदिर सिंग ‘हमराज’ यांनी १९३१ ते १९८० या पन्नास वर्षांतील हिंदी चित्रपटगीतांचा कोश खंडाखंडाने सिद्ध केला. एवढा अफाट उद्योग एका माणसाने कशासाठी केला असेल, हे वही भरू लागल्यावर आम्हांला उमगले. ‘आलम आरा’ हा १९३१ सालचा आपला पहिला बोलपट. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. त्यातील गाण्यांच्या ध्वनिमुद्रिकाही त्या वेळी निघाल्या नाहीत. फकिराच्या भूमिकेत गाणाऱ्या वझीर मोहम्मद खान यांचे नाव कागदावर राहिले म्हणून आपण निदान ते उच्चारू शकतो. सूर गेले आणि नाव राहिले, असे हे उदाहरण.

उलट प्रकार ‘महल’चा. १९४९ साली या चित्रपटातील खेमचंद प्रकाश यांच्या चालीने सर्वांना वेड लावले, परंतु तबकडीवर गायिकेचे नाव छापले होते ‘कामिनी’. ते पडद्यावरील पात्राचे नाव. त्या काळची रीतच तशी होती. ही गाणारी कोण, अशी विचारणा करणारी श्रोत्यांची पत्रे रेडिओकडे गेली, तेव्हा कोठे लता मंगेशकर हे नाव लोकांना समजले. पुढे गायकांची नावे तबकडीवर येऊ लागली. लताबाईंना नाव मिळाले ते ऐकणाऱ्यांनी विचारले म्हणून. ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते.

वादकांबद्दल मात्र असे कोणी विचारले नाही. आमच्या बैठकीत तो प्रश्न आला तो एका बँड मास्तरांकडून. मास्तरांनी या पंचक्रोशीत चाळीस वर्षे लग्नांत कॉर्नेट वाजवले. परण्या निघाला की पुढे त्यांचा बँड असे. नोटेशन त्यांना येत नाही, सारे कानावर. लग्नसराईत डी.जे. आले, सुपाऱ्या कमी झाल्या आणि बँड मोडला. एका रविवारी ते आमच्यात येऊन बसले. ‘अलबेला’तील एक नृत्यगीत चालू होते. गाणे संपल्यावर आम्ही नेहमीप्रमाणे नावे वाचली : दिग्दर्शक भगवान, संगीतकार सी. रामचंद्र, गीतकार राजेंद्र कृष्ण. मास्तरांनी शांतपणे विचारले, “हे समदं झालं गुरुजी. पण ह्यातला बाजा कोन वाजवितो? जल्मभर म्या त्याची नक्कल केली.”

आमच्या वहीत त्यासाठी रकानाच नव्हता. मग शोध सुरू झाला.

उत्तर गोव्यात सापडले. हळदोणे गावी १९१६ साली जन्मलेले अंतोनियो झेवियर वाझ मुंबईच्या हॉटेलांत ट्रम्पेट वाजवीत आणि ‘चिक चॉकलेट’ या नावाने ओळखले जात. लुई आर्मस्ट्राँग हे त्यांचे दैवत. सी. रामचंद्रांचे ते सहायक होते. ‘शहनाई’ (१९४७) आणि ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटांतील पाश्चात्त्य वळणाच्या गाण्यांत जो खट्याळ डौल आहे, त्यात या माणसाचा मोठा वाटा. सी. रामचंद्र म्हणजे रामचंद्र चितळकर यांचा जन्म पुणतांब्याचा. तेही गोदाकाठचे गाव, आमच्या वरच्या अंगाला. गोदावरीकाठचा मराठी माणूस आणि मांडवीकाठचा गोवेकर ख्रिस्ती वादक मुंबईत भेटले, आणि त्या भेटीतून निघालेले सूर पुढे आमच्या गावच्या परण्यात वाजत राहिले. चिक १९६७ साली, पन्नाशी नुकतीच उलटलेली असताना वारले.

मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत गोव्याचे इतके वादक का होते, याचे कारण आमच्या ख्रिस्ती वाचकांना रुचेल. पोर्तुगीज काळापासून गोव्यातील चर्चच्या पॅरिश शाळांत मुलांना सोल्फा, स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले जाई. मिस्साबलिदानात गाता-वाजविता यावे, हा त्यामागील हेतू. आपले उस्ताद आणि पंडित तोंडी परंपरेत वाढलेले. एखाद्या साध्या मैफलीला ते पुरेसे होते. परंतु १९४० नंतर चित्रपटांचे वाद्यवृंद वाढू लागले. पंचवीस-तीस व्हायोलिनवाल्यांनी एकाच क्षणी एकच स्वर लावायचा, तर तो कागदावर लिहिलेला हवा. गायक आणि वादक एकत्र बसत आणि सलग ध्वनिमुद्रण होई. एकाचा सूर हलला तरी सर्वांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. अशा वेळी देवळात शिकलेली ती विद्या कामी आली. संगीतकार पेटीवर चाल सांगे. तिच्या आधीचा प्रारंभ, दोन कडव्यांमधील वाद्यांचा तुकडा, गायकाच्या मागून वाहणारी व्हायोलिनची साथ हे सारे संयोजक लिहून काढी. ज्या तुकड्यावरून आपण गाणे पहिल्या क्षणी ओळखतो, तो पुष्कळदा या संयोजकाच्या लेखणीतून उतरलेला असे.

सेबॅस्टियन डिसोझा हे असेच एक संयोजक. फाळणीपूर्वी लाहोरच्या एका हॉटेलात त्यांचा वाद्यवृंद होता. मुंबईस आल्यावर ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशन यांच्याकडे त्यांनी जवळजवळ दोन तपे काम केले. शंकर-जयकिशन यांच्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत सहायक म्हणून दत्ताराम आणि सेबॅस्टियन ही दोन नावे क्षणभर झळकतात. तालाची बाजू दत्ताराम वाडकरांची, वाद्यमेळाची सेबॅस्टियन यांची. दत्तारामांचा ढोलकीवरील ठेका वादकांमध्ये त्यांच्याच नावाने ओळखला जातो. ‘परवरिश’ (१९५८) सारख्या चित्रपटांना त्यांनी स्वतंत्रपणे संगीतही दिले. पडद्यावर ही नावे निदान आली. सहायक म्हणून मात्र ती तबकडीवर उतरली नाहीत आणि रेडिओवरही उच्चारली गेली नाहीत.

अँथनी गोन्साल्विस यांची कथा याहून हृद्य आहे. माजोर्डा गावी १९२७ साली त्यांचा जन्म झाला. वडील चर्चच्या गायनवृंदाचे प्रमुख. १९४३ साली ते मुंबईस आले आणि नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले. दिवसा चित्रपटांचे काम आणि मनात मात्र एकच ध्यास : आपले राग पाश्चात्त्य वाद्यमेळात कसे बसवता येतील? १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात त्यांनी आपल्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. १९६५च्या सुमारास ते अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. परतल्यावर ते चित्रपटसृष्टीत पुन्हा रमले नाहीत, माजोर्ड्याला शांतपणे राहिले. त्यांच्या एका शिष्याने मात्र त्यांना विस्मृतीत जाऊ दिले नाही. ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मध्ये अंड्यातून बाहेर येणारा नायक ज्या नावाने आपली ओळख करून देतो, ते नाव म्हणजे प्यारेलाल शर्मा यांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूला वाहिलेली दक्षिणा. सारा देश ते नाव गाऊ लागला आणि ते खऱ्या माणसाचे आहे हे फार थोड्यांना ठाऊक होते. गोन्साल्विस १८ जानेवारी २०१२ रोजी निवर्तले. मराठी चित्रपट समीक्षक अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट केला, याचा आम्हांला अभिमान वाटतो.

आमच्या मंडळींत एक गृहस्थ रोखठोक आहेत. ते म्हणाले, “गाणे गोड आहे ना? मग वाजवणारा कोण याची चौकशी कशाला? दळणाऱ्या बाईचे नाव न विचारता आपण भाकरी खातोच की.” उदाहरण बिनतोड होते, तरीही आम्हांला ते पटले नाही. दळणाऱ्या बाईचे नाव तिच्या घरात तरी राहते. या वादकांचे काम लाखो घरांत गेले आणि नाव एकाही घरात गेले नाही. शिवाय ऐकण्यातही फरक पडतो. सेबॅस्टियन यांचे नाव कळल्यापासून गायकाच्या आवाजामागची व्हायोलिनची ती दुसरी चाल आम्हांला प्रथमच स्वतंत्रपणे ऐकू येऊ लागली. गाणे तेच होते. ते जणू आणखी एका खोलीसह आमच्यासमोर उघडले. १९८०नंतर सिंथेसायझर आणि मग संगणक आले. ते मोठे वाद्यवृंद पांगले. त्या खोल्यांची दारे उघडून दाखवू शकणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत.

पुढच्या रविवारी आम्ही मास्तरांना ‘अलबेला’तील ते नृत्यगीत मोबाइलच्या पडद्यावर दाखवले. त्यात चिक आणि त्यांचे साथीदार झालरीच्या बाह्यांचे सदरे घालून प्रत्यक्ष दिसतात. मास्तरांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला. गाणे त्यांनी दोनदा पाहिले. म्हणाले, “दम लांब हाय गड्याचा. तिथं म्या दोनदा श्वास घ्यायचो.” मग त्यांनी नाव पुन्हा विचारून घेतले आणि चार-पाच वेळा तोंडातल्या तोंडात घोळवले.

त्या दिवसापासून वहीत ‘वादक’ हा रकाना आला. तो पुष्कळ ठिकाणी रिकामा आहे. एक-एक नाव सापडेल तसा भरत जाईल. पुण्याचे अ‍ॅकॉर्डियनवादक इनॉक डॅनियल्स यांच्यासाठी तर आम्ही वेगळे पान राखले आहे. आणि वहीच्या शेवटच्या पानावर मास्तरांच्या बँडची यादी केली. ती त्यांनीच सांगितली : कॉर्नेट, क्लॅरिनेट, ढोल, ताशा आणि खुळखुळा, अशा बारा जणांची. दहा नावे त्यांना पूर्ण आठवली. उरलेल्या दोघांना सारा बँड टोपणनावानेच हाक मारी. ते दोघे कामाच्या शोधात गाव सोडून गेले, ते परतले नाहीत. चिक चॉकलेट हेही टोपणनावच. त्यामागचे अंतोनियो झेवियर वाझ कोणीतरी विचारले म्हणून हाती लागले. या दोन टोपणनावांपुढे खऱ्या नावापुरती जागा आम्ही मोकळी सोडली आहे, आणि गावातील जाणत्या म्हाताऱ्यांना विचारीत आहोत.