गाळलेली दुचाकी

धाकट्या बहिणीचा फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते. "ताई, कंबोडियात तीन आठवडे मुलांना शिकवायचं. दीड लाख, विमानाचं तिकीट वेगळं. पाठवू का ह्याला? ॲप्लिकेशनला उपयोग होईल ना?" पहिली शिट्टी व्हायच्या आत मी 'पाठव' म्हणून मोकळी झाले.

हे २०१७ च्या फेब्रुवारीतलं. ज्युनिअर कॉलेजात बावीस वर्षं इंग्रजी शिकवून मी स्वेच्छानिवृत्ती घेतली होती आणि अमेरिकेला शिकायला जाऊ बघणाऱ्या पुण्यातल्या मुलांचे निबंध घरी बसून तपासत होते. तिकडच्या शेकडो कॉलेजांचे अर्ज कॉमन ॲप या एकाच ठिकाणी भरता येतात. त्यात जास्तीत जास्त ६५० शब्दांचा एक निबंध, आणि दहा रकान्यांत अभ्यासाबाहेरचे उद्योग. एकेका उद्योगाच्या वर्णनाला १५० अक्षरं, मोकळ्या जागा धरून. शिवाय आठवड्याला किती तास आणि वर्षाला किती आठवडे, तेही लिहायचं. चार वर्षं दीडशे अक्षरांत कोंबायची म्हणजे कसरतच. त्या कसरतीचे मी पैसे घ्यायचे.

असल्या सहलींमधली गोम मला माहीत नव्हती, असं म्हणायची सोय नाही. जानेवारी २०१६ मध्ये हार्वर्डच्या शिक्षणशाखेतून 'टर्निंग द टाइड' नावाचा अहवाल निघाला होता. लांबच्या देशातल्या दिखाऊ समाजसेवेला भुलू नका, मुलानं मनापासून निवडलेलं आणि निदान वर्षभर टिकवलेलं काम बघा, मग ते घराशेजारचं का असेना, असा त्याचा कॉलेजांना सल्ला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फ्रँक ब्रूनी यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या स्तंभात याच प्रकाराची खिल्ली उडवली. तो लेख आमच्या पालकमंडळींत भरपूर फिरला. अहवालाचा सारांश तर मी स्वतः एका सभेत पडद्यावर दाखवला होता. पण आम्ही तो वाचला तो पेपर फुटल्यासारखा. 'वर्षभर' म्हटलंय ना, मग वर्षभर दिसलं पाहिजे, एवढाच बोध माझ्यासकट सगळ्यांनी घेतला.

भाचा मे महिन्यात सिएम रीपला गेला. अंगकोर वाट बघायला जगभरचे लोक जिथे उतरतात ते गाव. उकाडा पुण्याच्या वरताण. संस्थेच्या पाटीवर अनाथालय लिहिलेलं, आत तीसेक मुलं. पहिल्याच दिवशी त्यानं डोकं-खांदे-गुडघे हे इंग्रजी बालगीत म्हणायला घेतलं, तर मुलं त्याच्यापेक्षा वेगात म्हणून मोकळी. दर दोन-तीन आठवड्यांनी नवे ताई-दादा येत होते आणि प्रत्येकजण त्याच गाण्यापासून सुरुवात करत होता. आठेक वर्षांच्या एका पोरानं तर त्याला थांबवून पुढचा धडा सांगितला: आता प्राणी. रविवारी सकाळी एक बाई मोपेडवर आली, मागे बर्फाचा डबा बांधलेला. तेच पोरगं डब्याला टेकून मागे बसलं आणि गेलं. सोमवारी परत हजर. कोण होती विचारलं तर म्हणाला, आई.

हे सगळं त्याच्या पहिल्या खर्ड्यात होतं. खर्डा हजारभर शब्दांचा, विस्कळीत, शेवट नसलेला. 'माझा तिथे काही उपयोग नव्हता, हे चौथ्या दिवशी कळलं आणि उरलेले सतरा दिवस मी ते कुणाला सांगितलं नाही', असं एक वाक्य होतं. आई असलेल्या मुलाला अनाथालयात का ठेवतात, हा प्रश्न दोनदा आला होता. उत्तर नव्हतं, कारण त्याला ते मिळालंच नव्हतं.

मी लाल शाईनं समासात लिहिलं: वाचणारा गोंधळेल. मोपेड काढली. बर्फ काढला. 'उपयोग नव्हता' हे वाक्य तर आधी काढलं, कारण अर्जात स्वतःला नालायक म्हणवून घ्यायचं नसतं, असा माझा नियम होता. मग खरं पाप केलं. ख्मेर भाषेत दारा म्हणजे तारा, आणि ते मुलाचं नावही असतं, हे मी शोधून काढलं. त्या पोराचं नाव बदलून दारा केलं, म्हणजे शेवटच्या ओळीत आकाशातला तारा आणता येईल. आणला. मी शिकवायला गेलो आणि शिकून आलो, हे वाक्य मी तोवर वीसेक मुलांच्या निबंधांत वेगवेगळ्या शब्दांत लिहिलं असेल. एकविसावं भाच्याचं.

त्यानं वाचलं आणि म्हणाला, "मावशी, छान आहे. पण हा कोण मुलगा?" मी हसण्यावारी नेलं.

रकान्यांचा घोळ वेगळाच. आमच्या पेठेतल्या मंडळाचा जमाखर्च तो नववीपासून बघत होता. पावतीपुस्तकं कुणाकडे किती, वर्गणी किती जमली, मांडववाल्याचे किती द्यायचे, विसर्जनानंतर चारशे रुपये का जुळत नाहीत, यासाठी वर्षातले दोन महिने त्याची वही उघडी असायची. एकदा त्यानं अध्यक्षांनाच पावती मागितली होती, त्यावरून घरी तक्रार आली. ते मी नवव्या क्रमांकावर ढकललं. 'स्थानिक सण, हिशोब' एवढंच. अमेरिकेतल्या माणसाला मंडळ म्हणजे काय कळणार, असं मला वाटलं. कंबोडिया पहिल्या क्रमांकावर.

त्यापुढे आठवड्यांचा आकडा. परत आल्यावर तो दर रविवारी त्या मुलांशी व्हिडिओवर बोलणार होता. चार वेळा बोलला. मग तिथला मुक्कामी स्वयंसेवक बदलला आणि फोन उचलला जाईना. मी म्हटलं, ठरलं तर वर्षभराचं होतं ना, लिही चाळीस. त्यानं तीन लिहिले. मी चिडले. माझ्या मेहनतीवर पाणी फिरवतोस, असंही म्हणाले. तो काही बोलला नाही, पण आकडा तीनच राहिला. त्या अर्जातली माझ्या हातून सुटलेली ती एक जागा.

१ नोव्हेंबरच्या मुदतीला अर्ज गेला, डिसेंबरच्या मध्यावर नकार आला. नकाराच्या पत्रात कारण नसतं. कंबोडियामुळे अडलं, असं मी म्हणू शकत नाही. त्याच वर्षी माझ्याकडची दोन मुलं तसलेच निबंध देऊन चांगल्या ठिकाणी लागली, आणि कधीच कुठे न गेलेली काही राहिली. बहीण मात्र आठवडाभर विचारत होती, "दीड लाखाचा काहीच उपयोग नाही झाला का गं?" मला त्या प्रश्नाचा राग यायचा. मग लक्षात आलं, फेब्रुवारीत तिनं हेच विचारलं होतं आणि तेव्हा मला राग आला नव्हता. मार्चमध्ये त्याला दुसऱ्या दोन कॉलेजांतून प्रवेश मिळाला. त्यांतल्या एकात तो गेला.

मोपेडवाल्या बाईचा उलगडा मला वर्षभरानं झाला, तोही दुसऱ्याच मुलीच्या निबंधासाठी माहिती काढताना. २००५ ते २०१० या काळात कंबोडियातल्या अशा बालगृहांची संख्या ७५ टक्क्यांनी वाढली होती, असं युनिसेफ सांगत होतं. देशात अनाथ मुलं वाढत होती म्हणून नव्हे. या मुलांपैकी साधारण चारांतल्या तिघांची आई किंवा वडील हयात होते. शाळा, जेवण, इंग्रजी मिळेल म्हणून गरीब घरं मुलं पाठवत, आणि मुलं असली की आमच्यासारखे पैसे भरणारे येत. मुलं म्हणजे प्रेक्षणीय स्थळं नव्हेत, असं बजावणारी मोहीम तिथे २०११ पासून चालू होती. सतरा वर्षांच्या मुलानं जे एका रविवारी डोळ्यांनी पाहिलं होतं ते हेच. ते त्यानं कागदावर आणलंही होतं, आणि मी समासात 'गोंधळेल' लिहिलं.

त्या पोराचं खरं नाव मला आठवत नाही. बहिणीच्या शोकेसमध्ये फोटो आहे, भाच्याच्या खांद्यावर बसलेला, हात वर. पाहुणे विचारतात तेव्हा ती 'दारा' सांगते. निबंध तिनं पाठ केला होता.

हा मजकूर मी भाच्याला वाचायला पाठवला. आता तो पंचविशी ओलांडलेला, नोकरीत रमलेला. त्यानं एकच दुरुस्ती सांगितली. मी भाजीच्या टोपल्या लिहिल्या होत्या. बर्फाचा डबा होता, पांढरा, थर्माकोलचा, ती बर्फ विकायची, असं त्यानं कळवलं. वर तसं केलं आहे.