कोणत्या गाडीचें तिकीट?

आमच्या घरापासून कसबा गणपतीचें देऊळ जितकें जवळ, तितकेंच आतां मेट्रोचें स्थानकहि जवळ झालें आहे. २९ सप्टेंबर २०२४ रोजीं जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मार्ग सुरू झाला आणि कसबा पेठेच्या पोटांतून आगगाडी धावूं लागली. पहिल्या आठवड्यांत आमच्या घरांतील लहानथोर मंडळींना दुसरा उद्योग नव्हता. तिकीट काढावें, सरकत्या जिन्यानें खालीं उतरावें, स्वारगेटपर्यंत जाऊन येतां येतां मंडईंत भाजी घ्यावी आणि घरीं येऊन त्याचें वर्णन करावें. माझी सौभाग्यवती मात्र त्या जिन्याकडे फिरकली नाहीं. "मला नकोत तीं आपोआप मिटणारीं दारें," एवढेंच ती म्हणे. तिच्या गुडघ्यांचें दुखणें बळावलें असावें असें वहिनींनीं ठरवून टाकलें. खरें कारण मला ठाऊक होतें. पण तें सांगावयाचें तर त्यांत माझाच अपराध निघत होता, म्हणून मी मुकाट्यानें गुडघ्यांच्या तेलाची चौकशी करीत राहिलों.

त्याच वर्षीं जून महिन्यांत आम्ही उभयतां चिरंजीवाकडे लंडनला गेलों होतों. हीथ्रोच्या विमानतळापासून शहराच्या मध्यभागीं जावयास आगगाडीच्या तीन वाटा आहेत. सर्वांत जुनी पिकाडिली ही भुयारी गाडी. ती १९७७ सालीं विमानतळाच्या मध्यवर्ती भागापर्यंत पोंचली. ती सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सावकाश. दुसरी हीथ्रो एक्सप्रेस, १९९८ पासूनची. मध्यें कोठेंहि न थांबतां पाव तासांत पॅडिंग्टनला नेते आणि वांचविलेल्या वेळाचें मोल चोख वसूल करते. तिसरी एलिझाबेथ लाइन, या नांवानें २४ मे २०२२ रोजीं सुरू झालेली. तीहि पॅडिंग्टनवरूनच जाते, परंतु वाटेंतील स्थानकें घेत घेत अर्ध्या तासांत. आम्ही गेलों त्या वर्षीं शहराच्या मध्यभागापर्यंत पहिलीचें भाडें ५ पौंड ६० पेन्स, तिसरीचें १२ पौंड ८० पेन्स आणि एक्सप्रेसचें २५ पौंड होतें.

चिरंजीवानें निघण्यापूर्वींच बजावलें होतें, "बाबा, एलिझाबेथ लाइननें या. तुमचें बँकेचें कार्ड दाराला टेकवा, म्हणजे भाडें आपोआप जाईल. पण एका कार्डावर एकच माणूस. आईसाठीं यंत्रांतून तिकीट काढा. मी पॅडिंग्टनला खालच्या दाराशीं उभा राहीन." हें सर्व मीं वहींत टिपून घेतलें होतें. त्याप्रमाणें सौभाग्यवतीचें तिकीट काढलें, तिच्या हातीं दिलें, आणि आम्ही फलाटावर येऊन उभे राहिलों.

जी गोष्ट वहींत नव्हती ती अशी कीं, टर्मिनल दोन व तीनच्या त्या स्थानकांत एक्सप्रेस आणि एलिझाबेथ लाइन या दोन्ही गाड्या एकाच फलाटाला लागतात. समोर गाडी आली. पाटीवर पॅडिंग्टन होतें. रात्रभराच्या जागरणानें डोळे चुरचुरत होते. हातांत दोन पेट्या आणि लोणच्याची बरणी. सौभाग्यवतीनें एकवार म्हटलेंहि, "अहो, हीच ना? कोणाला विचारायचें का?" मीं उत्तर दिलें, "अग, पॅडिंग्टनचीच आहे. त्यांत विचारायचें काय?" आम्ही चढलों. गाडी मोठी स्वच्छ, बसावयास जागा ऐसपैस, आणि मध्यें एकहि स्थानक नाहीं. पाव तासांत आम्ही पॅडिंग्टनला उतरलों, तेव्हां गाडी वेळेच्या आधीं पोंचली याचेंच मला कौतुक वाटलें!

बाहेर पडण्याच्या दाराशीं मीं कार्ड टेकविलें. दार उघडलें. मी पेट्या ओढीत बाहेर आलों आणि चिरंजीव कोठें दिसतो म्हणून पुढें पाहूं लागलों. तो तेथें असणार कसा? तो खालीं, दुसऱ्याच गाडीच्या वाटेवर उभा होता. दहाबारा पावलें चाललों असेन, तेव्हां मागें कोणी नाहीं असें ध्यानांत आलें. वळून पाहतों तों सौभाग्यवती दाराच्या आंतच. तिकीट आंत घालावें, यंत्रानें तें परत द्यावें, दार बंद तें बंदच. तिच्या मागें माणसांची रांग लागलेली, आणि एक गणवेशधारी तरुण नम्रपणें तिला कांहीं समजावीत होता. तिला इंग्रजी वाचतां उत्तम येतें. परंतु घाईनें बोललेलें कळत नाहीं. मी परत गेलों, तों तो म्हणाला, "तिकीट बरोबर आहे, साहेब. मात्र या गाडीचें नाहीं."

माझ्या कार्डाचें दार उघडलें याचा अर्थहि तेव्हां कळला. तिकीट असतें तर तें अडलें असतें. कार्डाला अडविण्याचें कारणच नव्हतें. ज्या दारानें बाहेर पडाल त्या दाराच्या गाडीचें भाडें तें निमूटपणें कापून घेतें. माझे २५ पौंड केव्हांच गेले होते. सौभाग्यवतीचे आणखी २५ भरले, तिचें आधींचें तिकीट वायां गेलें, आणि एकंदरींत सुमारें चार हजार रुपये अधिक पडले. दोष ना त्या तरुणाचा, ना गाडीचा. फलाटावर येणाऱ्या गाडीचें नांव पाटीवर लिहिलेलें होतें, आणि मीं तें वाचलें नव्हतें.

"तिकीट बरोबर, गाडी निराळी" हे शब्द मला नवे नव्हते. आमचे तीर्थरूप नाना १९३९ सालीं बी. ए. होऊन मुंबईस एका नोकरीच्या मुलाखतीस निघाले होते. सोमवारची सकाळ. टांगा उशीरां आला आणि साधी गाडी चुकली. फलाटावर डेक्कन क्वीन उभी होती. १ जून १९३० रोजीं सुरू झालेल्या त्या गाडींत त्या काळीं फक्त पहिला व दुसरा वर्ग असे. तिसऱ्या वर्गाचा डबा तिला १९५५ सालीं लागला. नानांच्या खिशांत तिसऱ्या वर्गाचें तिकीट आणि परतीपुरते पैसे. रूळ तेच, मुंबई तीच, डब्यांत रिकाम्या जागाहि दिसत होत्या. ते चढले नाहींत. मागाहूनच्या गाडीनें पोंचले तेव्हां मुलाखती आटोपल्या होत्या. आणि जन्मभर पुण्यांत मास्तरकी केली. आम्हीं भावंडांनीं ही गोष्ट शंभरदां ऐकली असेल. ऐकतांना नाना फार भाबडे वाटत. त्यांनीं चढून फरक कां भरला नाहीं, असें एकदां मीं विचारलेंहि होतें. "भरायला होता कुठें?" असें म्हणून ते उठून गेले होते.

लंडनला दोन दिवस सौभाग्यवती फारशी बोलली नाहीं. चिरंजीव समजूत घाली, "आई, पंचवीस पौंडांचें काय एवढें?" सूनबाईनेंहि आपल्याला असाच दंड पडल्याची गोष्ट हंसत हंसत सांगितली. तिसऱ्या रात्रीं अंथरुणावर पडल्यावर सौभाग्यवती म्हणाली, "पैशांचें मला कांहीं नाहीं. लोकांना वाटलें असेल, ही बाई विनातिकीट आली. तेंहि जाऊं द्या. तुमचें दार उघडलें आणि तुम्ही चालूं लागलांत. मी हांक मारली ती तुम्हांला ऐकूं आली नाहीं." यावर मजजवळ उत्तर नव्हतें. लग्नाला सत्तेचाळीस वर्षें झालीं होतीं.

पुण्यास परत आल्यावर हा प्रसंग मीं घरांत अर्धाच सांगितला, म्हणजे पैशांचा. आमच्या अण्णांना तेवढें निमित्त पुरलें. ते म्हणाले, त्यांत नवल काय? आपल्याकडे साधें तिकीट घेऊन सुपरफास्ट गाडींत बसलें तर अधिभार भरावा लागतोच. मुंबईची वातानुकूलित लोकल २०१७ च्या नाताळांत सुरू झाली; तीहि त्याच फलाटावरून सुटते, पण साध्या लोकलचें तिकीट तींत चालत नाहीं. शिवाय १९९ किलोमीटरपर्यंतच्या अनारक्षित तिकिटावर तीन तासांच्या आंत, किंवा त्या दिशेची पहिली गाडी सुटेपर्यंत, निघालेंच पाहिजे असा नियम मार्च २०१६ पासून आहे. आणि पुणें-मुंबई १९२ किलोमीटर, म्हणजे तो आपल्यालाहि लागू. अण्णांचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. सौभाग्यवती तें ऐकत पोळ्या लाटीत होती. तिनें मान वर केली नाहीं.

नोव्हेंबरांत धाकटी पुतणी बंगलोरला निघाली. तिला पोंचवावयास लोहगांवच्या विमानतळावर जावयाचें होतें. रिक्षा ठरविण्याचें बोलणें चाललें असतां सौभाग्यवती अकस्मात् म्हणाली, "आपण मेट्रोनें जाऊं." वहिनींनीं गुडघ्यांची आठवण करून दिली, तिनें लक्ष दिलें नाहीं.

कसबा पेठेच्या स्थानकांत तिकिटाच्या खिडकीपाशीं तीच पुढें झाली. "हें तिकीट विमानतळापर्यंत चालेल का हो?"

आंतील मुलगा म्हणाला, "आजी, मेट्रो विमानतळापर्यंत जात नाहीं. रामवाडीपर्यंत तिकीट देतों. जिल्हा न्यायालयाला गाडी बदला, तेथें दुसरें तिकीट नको. रामवाडीहून पुढें बस मिळेल. तिचें तिकीट निराळें."

"आणि यावर कोणत्याहि गाडींत बसलें तर चालतें?"

"कोणत्याहि. इथें सगळ्या गाड्या सारख्याच."

तरीहि तिनें हातांत पडलेलें तिकीट चष्मा लावून वाचलें. पुतणी केव्हांच पलीकडे गेली होती. दाराशीं आल्यावर मी बाजूला झालों आणि म्हटलें, "तूं हो पुढें." तिनें तिकीट कांचेवर धरलें, दार उघडलें, ती पलीकडे गेली आणि तेथेंच वळून उभी राहिली. मागचीं माणसें खोळंबलीं, एकानें चुकचुकहि केलें. पण माझें तिकीट लागून मी पलीकडे येईपर्यंत ती जागची हलली नाहीं.